एकावर एक सेल रचले, तर पेटंट कशाचं?

धारवाडहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की केलगेरीचं तळं लागतं. या तळ्याशी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचं नाव जोडलं जातं. धारवाड त्या काळी मुंबई इलाख्यात होतं आणि विश्वेश्वरय्या त्याच इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीला होते. पुणेकर त्यांना ओळखतात ते खडकवासल्यामुळे. तिथे १९०३ साली त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की ते आपसूक उघडायचे, पातळी उतरली की मिटायचे. धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवता येऊ लागलं. या रचनेचं पेटंट विश्वेश्वरय्यांनी घेतलं होतं. रॉयल्टी मात्र घेतली नाही, असं सांगतात.

धरणाला दरवाजे असावेत ही कल्पना जुनीच. पेटंट होतं ते माणसाचा हात न लागता होणाऱ्या उघडमिटीवर. सध्या जगभरातल्या प्रयोगशाळा ज्या एका यंत्राच्या मागे लागल्या आहेत, त्याच्या पेटंटातही हाच भेद कळीचा ठरतो. कार्बन डायऑक्साइडमध्ये वीज सोडून त्यातून कामाची रसायनं काढणारा इलेक्ट्रोलायझर, आणि तोही सुटा नव्हे, एकावर एक सेल रचून बांधलेला ‘स्टॅक’, असं ते यंत्र आहे.

हा विषय धारवाडच्या आसपासच्या भागाला परका नाही. कार्बन पकडून वापरण्याच्या संशोधनासाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं २०२२ मध्ये दोन राष्ट्रीय केंद्रं मंजूर केली. एक आयआयटी मुंबईत, दुसरं बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात. या दोन शहरांच्या मधोमध, महामार्गावर धारवाड आहे. तिथली आयआयटी २०१६ साली आयआयटी मुंबईच्या देखरेखीखाली सुरू झाली आणि आता चिक्कमल्लिगवाडच्या स्वतःच्या आवारात आहे. पण मला या संस्थांपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो तो आजूबाजूचा ऊस. बेळगाव, बागलकोट, कोल्हापूर, सांगली या पट्ट्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळी आंबते तेव्हा अल्कोहोलच्या जवळजवळ वजनाइतकाच कार्बन डायऑक्साइड सुटतो. ग्लुकोजच्या एका रेणूतून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू निघतात. वजनात ९२ ला ८८. औष्णिक वीज केंद्राच्या धुराड्यातून येणारा वायू नायट्रोजनमध्ये मिसळलेला असतो, तो वेगळा काढण्यातच निम्मा जीव जातो. आंबवणीच्या टाकीवरचा वायू मुळातच बराच शुद्ध. काही डिस्टिलऱ्या तो पकडून शीतपेयांसाठी आणि ड्राय आइससाठी विकतात, बाकीच्या हवेत सोडतात.

आता थोडा हिशेब करू. दिवसाला एक लाख लिटर इथेनॉल काढणारी डिस्टिलरी घेतली, तर तिच्यातून रोज सुमारे ७५ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यापासून कार्बन मोनॉक्साइड करा किंवा फॉर्मिक आम्ल करा, दोन्हीकडे एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन लागतात. फॅरडेच्या नियमानं गणित मांडलं तर हे ७५ टन चोवीस तासांत उरकायला ३८ लाख अँपिअर इतका प्रवाह हवा. चांगला सेल एका चौरस सेंटिमीटरवर २०० मिलिअँपिअर प्रवाह झेलतो असं धरलं, तरी इलेक्ट्रोडचं क्षेत्रफळ भरतं १,९०० चौरस मीटर. प्रयोगशाळेत ज्या सेलवर शोधनिबंध लिहिले जातात त्यातल्या बऱ्याच सेलचं क्षेत्रफळ पाचेक चौरस सेंटिमीटर असतं. तसले सेल वापरायचे म्हटले तर ३८ लाख लागतील.

म्हणून सेल मोठा करायचा आणि एकाला एक जोडून रचायचा. समजा एक चौरस मीटरचे शंभर सेल एकामागे एक जोडले. त्यातून २,००० अँपिअरचा एकच प्रवाह शंभरही सेलमधून जातो, प्रत्येक सेल तीनेक व्होल्ट घेतो, आणि सगळ्या स्टॅकला ३०० व्होल्ट लागतात. असे १९ स्टॅक म्हणजे साडेअकरा मेगावॅट. हे आकडे कारखान्याच्या विद्युत अभियंत्याला ओळखीचे वाटतील. ३८ लाख अँपिअर एकदम वाहून नेणारी तांब्याची पट्टी मात्र त्याला कुठूनही मिळणार नाही.

सेलच्या आत काय घडतं ते पाहू. कार्बन डायऑक्साइड हा मोठा आळशी रेणू, त्याला हलवायला उत्प्रेरक लागतो, आणि उत्प्रेरक बदलला की माल बदलतो. चांदी किंवा सोनं वापरलं तर कार्बन मोनॉक्साइड मिळतो. कथील, बिस्मथ किंवा शिसं वापरलं तर फॉर्मेट, म्हणजे फॉर्मिक आम्लाचं रूप. तांबं घेतलं तर मिथेन, इथिलिन, अल्कोहोल यांचं कडबोळं. तांब्याचा हा गुण जपानच्या चिबा विद्यापीठातल्या योशिओ होरी यांनी १९८५ च्या सुमारास दाखवून दिला, आणि आजही हायड्रोकार्बनांसाठी तांब्याला तोड नाही. प्लॅटिनम, लोखंड, निकेल यांच्यावर कार्बन डायऑक्साइड तसाच राहतो आणि पाण्यातला हायड्रोजन सुटतो.

दुसरी अडचण पाण्याची. साध्या तापमानाला आणि हवेच्या दाबाला लिटरभर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळतो. उत्प्रेरकाला तो पाण्यातूनच मिळणार असेल तर प्रवाह फार वाढत नाही. म्हणून कार्बनच्या सच्छिद्र कागदाच्या एका बाजूनं वायू आणि दुसऱ्या बाजूनं ओलावा देतात, मध्ये उत्प्रेरकाचा पातळ थर. याला गॅस डिफ्यूजन इलेक्ट्रोड म्हणतात; हाच सेलचा कॅथोड. त्याला चिकटून पातळ पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, आणि पलीकडे अॅनोड. तिथे ऑक्सिजन सुटतो. अॅनोडवर पुष्कळदा इरिडियम असतं, आणि ते सोन्यासारखंच जपून वापरावं लागतं.

आतापर्यंत सांगितलेलं हे सगळं छापून झालेलं आहे. यातल्या कुठल्याही मुद्द्यावर आज कोणी पेटंट मागायला गेलं तर परीक्षक जुने निबंध समोर ठेवेल. हळदीच्या अमेरिकी पेटंटाविरुद्ध डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या पुढाकारानं आपण नेमकं हेच केलं होतं आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द करून घेतलं होतं. अर्जदाराच्या खुर्चीत आपण बसलो की तेच हत्यार आपल्यावर चालतं.

मग ‘मी शंभर सेल एकावर एक रचले’ एवढ्यावर पेटंट मिळेल का? भारतीय पेटंट कायदा १९७० सालचा. त्यातल्या तिसऱ्या कलमात कशाला शोध म्हणायचं नाही त्याची यादी आहे. औषधांच्या खटल्यांमुळे ३(डी) सगळ्यांना ठाऊक झालं. आपल्या कामाचं आहे ते ३(एफ). माहीत असलेली उपकरणं नुसती मांडली, फिरवून मांडली किंवा त्यांची संख्या वाढवली, आणि ती आपापलं काम एकमेकांशी संबंध न ठेवता पूर्वीसारखंच करत राहिली, तर तो शोध नाही, असा त्याचा आशय. इडलीपात्रात चार ताटल्यांऐवजी सहा केल्या तर सहावी ताटली पहिलीला काही करत नाही. प्रत्येकीत इडली जशी होते तशीच होते. असल्या रचनेला पेटंट नाही. आणि ते योग्यच आहे, असं माझं मत. नाहीतर मजल्यावर मजला चढवणारा प्रत्येक जण मक्तेदारी मागत येईल.

याच्या जोडीला सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा एक निकालही वाचावा. मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्या दोन पेढ्यांमधला हा खटला. कातकामाच्या वेळी भांडं लेथवर दाबून धरायची एक सुधारित पद्धत आणि तिच्यावर १९५१ मध्ये घेतलेलं पेटंट, असा वाद होता. न्यायालयानं ते पेटंट टिकू दिलं नाही. कसबी कारागिराला कामाच्या ओघात सहज सुचेल अशी दुरुस्ती म्हणजे शोध नव्हे, हे सूत्र आपल्याकडे रूढ झालं ते या खटल्यापासून. आयआयटीतल्या संशोधकानं आपला मसुदा लिहायला घेण्याआधी हा निकाल वाचला तर बरं, कारण भांड्यांच्या लेथवर जे चाललं नाही ते इलेक्ट्रोलायझरवरही चालत नाही.

गंमत अशी की इलेक्ट्रोलायझरचे सेल एकमेकांपासून अलिप्त राहूच शकत नाहीत. कायदा जी अट घालतो, ती इथे भौतिकशास्त्र आपणहून पुरी करून देतं. एकट्या सेलमध्ये ज्यांचा पत्ताही नव्हता अशा अडचणी शंभर सेल जोडताच उभ्या राहतात.

पहिली अडचण चोरवाटेची. सगळ्या सेलना द्रव पुरवायला एक सामाईक नळी असते आणि तिच्यातलं पोटॅशियमच्या क्षारांचं पाणी वीज वाहून नेतं. स्टॅकचं एक टोक शून्य व्होल्टवर, दुसरं ३०० वर. मग थोडा प्रवाह सेलमधून जायचं टाळून या नळीतून परस्पर पळतो. याला शंट करंट म्हणतात. एक तर तेवढी वीज फुकट जाते, शिवाय टोकाकडच्या पट्ट्या गंजतात. उपाय सरळ दिसतो: सामाईक नळीपासून सेलपर्यंत जाणारी वाट लांब आणि अरुंद करायची, म्हणजे विजेला अडथळा होईल. पण अरुंद वाटेतून द्रव ढकलायला जास्त दाब लागतो, आणि एका सेलची वाट दुसऱ्यापेक्षा केसभर जरी अरुंद असली तरी त्याच्या वाट्याला कमी द्रव येतो.

याच जागी दुसरी अडचण येऊन बसते, क्षाराची. कॅथोडवर अभिक्रिया होताना हायड्रॉक्साइड तयार होतं आणि ते समोर आलेला कार्बन डायऑक्साइड खाऊन कार्बोनेट बनवतं. कार्बन मोनॉक्साइड करताना एका रेणूचं रूपांतर झालं की दुसरा एक रेणू असा कार्बोनेटमध्ये जातो. म्हणजे एका फेरीत निम्म्याहून जास्त वायू कामी येतच नाही. इथिलिन करताना तर पाऊणच वाया. हे कार्बोनेट पडद्यातून पलीकडे जातं, आणि पलीकडून पोटॅशियम इकडे येऊन त्याच्याशी गाठ पडली की वायूच्या वाटांमध्ये पांढरे खडे जमतात. हंगेरीच्या सेगेद विद्यापीठातल्या गटानं २०१९ मध्ये एकाहून अधिक थरांचा, दाबाखाली चालणारा स्टॅक प्रसिद्ध केला. पुढे २०२१ मध्ये त्यांनी अॅनोडला शुद्ध पाणी द्यायचं आणि क्षाराचं द्रावण कॅथोडवर अधूनमधून, मोजून सोडायचं, असा मार्ग दाखवला. खडे जमायचं कारणच त्यामुळे घटतं.

तिसरी अडचण कपटी आहे. सेल एकामागे एक जोडलेले असल्यामुळे प्रत्येकातून तेवढाच प्रवाह जायलाच हवा. समजा सत्तेचाळिसावा सेल खड्यांनी तुंबला किंवा त्याचा सच्छिद्र कागद पाण्यानं भरला. वायू पोचत नाही, पण २,००० अँपिअर येतच आहेत. मग तो सेल पाण्यातून हायड्रोजन काढायला लागतो आणि तो सगळ्यांच्या सामाईक नळीत मिसळतो. बाहेर माल बिघडलेला दिसतो, पण कुठल्या सेलनं बिघडवला ते कळत नाही. त्यात उष्णतेची भर. सेलला दिलेल्या तीन व्होल्टपैकी निम्म्याच्या आसपास विजेची उष्णता होते. कडेचे सेल गार पडतात, मधले तापतात, आणि पडदे वेगवेगळ्या वेगानं म्हातारे होतात.

पेटंट मिळायची जागा इथे आहे. मसुदा लिहिताना काय होतं त्याचा एक नमुना करून पाहू. पहिला दावा असा लिहिला: ‘कार्बन डायऑक्साइडचं विघटन करणारा, दोन किंवा अधिक सेल असलेला स्टॅक.’ परीक्षक तो पाच मिनिटांत फेटाळेल. तेवढं तर १८०० साली व्होल्टानं रचलेल्या चकत्यांच्या चवडीपासून लोक करत आले आहेत. मग अर्जदार घाबरून दुसऱ्या टोकाला जातो: ‘चांदीचा उत्प्रेरक, १०० सेल, प्रत्येकी एक चौरस मीटर, ०.८ मिलिमीटर रुंदीची वाट.’ हे मंजूर होईल, पण शेजारच्या कंपनीनं ०.९ मिलिमीटरची वाट पाडली की तिच्यावर काही चालत नाही. चांगला दावा या दोहोंच्या मध्ये असतो. प्रत्येक सेलच्या तोंडाशी अशी वाट, जी द्रवाला पुरेशी मोकळी पण विजेला लांब पडते. सेलचा व्होल्टेज बदलला की तेवढ्याच सेलमध्ये पाण्याचा झोत सोडणारी झडप. आणि या दोन गोष्टींमुळे शंट करंट आणि खडे दोन्ही एकदम घटतात, असं दाखवणारं मोजमाप. इथे झडप, वाट आणि व्होल्टेज मोजणारी तार एकमेकांवर अवलंबून आहेत, त्यामुळे ३(एफ) आड येत नाही. एका सेलवर घेतलेले आकडे जोडले तर मात्र परीक्षक विचारणारच की स्टॅक कुठे आहे. हा माझा बनवलेला नमुना आहे, कोणाच्या अर्जातला नव्हे.

बेळगावच्या उद्यमबागेतले, हुबळीतल्या झडपांच्या कारखान्यांतले किंवा कोल्हापूरच्या शिरोलीतले लोक इथे कामाला येतात असं मला वाटतं. उत्प्रेरकाची भुकटी दुसरीकडून आणता येईल. पट्टीवर केसभर अचूक वाटा कोरणं, शंभर गॅस्केट एकसारखी दाबून बसवणं, आवळपट्ट्यांचा ताण तपमानाबरोबर बदलू न देणं, ही कामं त्यांची. स्टॅक गळतो तो बहुधा रसायनामुळे नव्हे, बोल्टामुळे.

स्टॅकमध्ये कार्बन डायऑक्साइड फोडता येतो याबद्दल शंका नको. नासाच्या पर्सिव्हिअरन्स गाडीवरचं मॉक्सी हे उपकरण म्हणजे दहा सेलचा स्टॅकच होता. सिरॅमिकचे सेल ८०० अंशांपर्यंत तापवून त्यानं मंगळाच्या हवेतून एप्रिल २०२१ मध्ये पहिल्यांदा ऑक्सिजन काढला. २०२३ मध्ये काम संपलं तेव्हा बेरीज झाली १२२ ग्रॅम. मंगळावर १२२ ग्रॅम म्हणजे पराक्रम. कारखान्याला रोज ७५ टन जिरवायचे आहेत.

आणि तिथे विजेचं बिल आडवं येतं. वर धरलेल्या तीन व्होल्टनी, गळती मुळीच नाही असं मानून, एक टन कार्बन डायऑक्साइड फॉर्मिक आम्लात किंवा कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलायला ३,६०० युनिटांहून जास्त वीज लागते. आपल्या ग्रिडवरची वीज घेतली तर प्रत्येक युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड कुठेतरी बाहेर पडलेला असतो. म्हणजे एक टन जिरवताना अडीच टन सोडले. याला हवामानावरचा उपाय म्हणणं ही शुद्ध फसवणूक आहे, मग पेटंट कितीही सुबक असो. इथिलिनबद्दल तर बोलूच नका: एका टनाला सुमारे ३४,००० युनिट, सहा रुपयांनी दोन लाखांचं बिल, आणि पेट्रोकेमिकलचं इथिलिन त्याच्या निम्म्याच्याही खाली मिळतं. कार्बन मोनॉक्साइड विषारी वायू, तो जागेवरच वापरावा लागतो. साखर कारखान्याच्या आवारात शोभेल ते फॉर्मिक आम्ल. टँकरनं पाठवता येतं, कातडी कमावायला आणि रबराचा चीक गोठवायला लागतं. दोडामार्गपासून केरळपर्यंत रबराच्या बागा आहेतच. वीज म्हणाल तर चिपाडावर चालणारं सहवीज केंद्र कुंपणाच्या आतच असतं, आणि गदगच्या पवनचक्क्या फार लांब नाहीत.

अर्जाचा व्यवहार रुक्ष आहे, थोडक्यात सांगतो. आधी तात्पुरता अर्ज, मग बारा महिन्यांच्या आत पूर्ण तपशिलाचा. अठरा महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो, संरक्षण अर्ज केल्या तारखेपासून वीस वर्षं. शिक्षणसंस्थांना २०२१ पासून शुल्कात ८० टक्के सूट आहे. परदेशात अर्ज करायचा तर आधी इथे करून सहा आठवडे थांबायचं किंवा परवानगी घ्यायची. निपाणीच्या अर्जदाराचं कार्यालय चेन्नई आणि पलीकडच्या कागलच्या अर्जदाराचं मुंबई. अर्ज ऑनलाइन जात असल्यानं फार बिघडत नाही. बिघडतं ते परिषदेत. अर्जाआधी पोस्टर लावलं, प्रबंध ग्रंथालयात ठेवला किंवा निबंध छापला की नवेपण गेलं. आपल्या कायद्यातली सवलत मोजक्या प्रसंगांपुरतीच आहे. प्राध्यापकांना बढती निबंधांवर मिळते, त्यामुळे हा अपघात वारंवार होतो.

राहिला प्रश्न उसाच्या पट्ट्यात नेमका कशावर अर्ज करावा याचा. मळीच्या आंबवणीतून येणाऱ्या वायूत अल्कोहोलची वाफ आणि गंधकाचे अंश असतात; गंधक चांदीला लागलं की उत्प्रेरक मेला. म्हणजे या वायूसाठी वेगळी चाळणी हवी. दुसरं म्हणजे हंगाम. कारखाना वर्षातले काही महिने बंद असतो, डिस्टिलरीही देखभालीला थांबते. स्टॅक बंद केला की पडदा वाळून तडकायची भीती, आणि सामाईक नळीत उरलेल्या द्रवातून उलटा प्रवाह वाहून उत्प्रेरक झिजायची भीती. महिनोन्‌महिने बंद ठेवून पुन्हा चालू होणारा स्टॅक, त्याचा द्रव कुठल्या क्रमानं काढायचा, पडदे कशात ओले ठेवायचे, पहिल्या दिवशी प्रवाह किती सावकाश चढवायचा, हे सेगेदमधल्या संशोधकाला सुचायचं काही कारण नाही. गोकाक किंवा संकेश्वरच्या कारखान्यात ते पहिल्याच वर्षी पुढ्यात येईल.